झोपेत तोंडाला कोरड का पडते?

मे महिन्यातील दुपार. वैजापूरच्या बाजारातून तुम्ही उन्हातान्हात घरी आला आहात. आल्याबरोबर तुमचा हात कोठे जातो? माठाकडे! बाहेर अंगाची लाही होत असताना माठातले पाणी मात्र गारेगार असते. असे का होते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी, तितके पाणी भराभर उडते. म्हणूनच मुंबईच्या दमट हवेत माठ फारसा गार होत नाही आणि वैजापूरला तो चांगला गार होतो.

आता एक प्रश्न विचारतो. जी कोरडी हवा माठाचे पाणी पिऊन टाकते, ती तुमच्या-आमच्या तोंडातले पाणी सोडून देत असेल काय? मुळीच नाही. आणि एखाद्या माणसाला रात्रभर अशी हवा यंत्राने नाकात सोडून घ्यावी लागत असेल तर? त्याच्या तोंडाची काय अवस्था होत असेल?

समजा, तुमचे मामा वैजापूरला राहतात आणि कांद्याचा टेम्पो चालवतात. मामांचे घोरणे साऱ्या गल्लीला ठाऊक. "कुंभकर्ण झोपला," असे म्हणून सगळे हसतात. मामी मात्र हसत नाहीत. त्या म्हणतात, "घोरता घोरता एकदम गप्प होतात. श्वासच येत नाही. मी घाबरून हलवते, तेवढ्यात मोठ्ठा हुंदका देऊन पुन्हा घोरायला लागतात." दिवसा मामांना सारखी पेंग येते. शेवटी शहरातल्या डॉक्टरांनी रात्रभर झोपेची तपासणी केली, आजाराचे नाव सांगितले आणि एक यंत्र दिले. आठ दिवसांत पेंग पळाली. पण मामांची नवीन तक्रार सुरू झाली. "सकाळी जीभ टाळूला चिकटते. घशात वाळू भरल्यासारखं वाटतं. नको ते यंत्र!" आणि यंत्र फळीवर जाऊन बसले.

अशी फळीवर बसलेली यंत्रे पुष्कळ घरांत असतात. ते मुकाट्याने खाली काढून मामांना देता येईल काय? येईल. पण त्यासाठी आधी कोरड का पडते हे समजले पाहिजे.

श्वास अडतो तो कोठे?

रसवंतीगृहात कागदी नळीने उसाचा रस प्यायला आहात ना? थोड्या वेळाने नळी ओली होऊन मऊ पडते. मग जोराने ओढले की नळी चपटी होते आणि रस येणे बंद. आपल्या घशाचेही काहीसे असेच आहे. खाली छातीत उतरणाऱ्या श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो. पण पडजीभ आणि जिभेचे मूळ यांच्या मागे जो घशाचा भाग आहे, त्याला असा कडक आधार नाही. तो स्नायूंनी ताणून उघडा ठेवलेला असतो. आपण झोपलो की हे स्नायू सैल पडतात. वाट अरुंद होते, हवा जाताना मऊ भाग थरथरतो. हेच घोरणे. काही जणांत ही वाट श्वास ओढताना ओल्या नळीसारखी पूर्णच मिटते.

छाती-पोट हलत असते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून अधिक. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो. मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, झोप क्षणभर मोडते, स्नायू ताठ होतात आणि वाट उघडते. माणसाला हे सकाळी आठवतही नाही. या विकाराला निद्राश्वासरोध म्हणजेच 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. दहा सेकंद किंवा अधिक वेळ श्वास थांबला, तर तो एक अडथळा मोजतात. तासाला तीसपेक्षा जास्त अडथळे आले, तर विकार तीव्र समजला जातो. म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांनी एकदा झोप मोडणार! अशा माणसाला दिवसा पेंग येईल नाही तर काय?

हा विकार आपल्याकडे दुर्मिळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या २५० पुरुषांच्या झोपेची तपासणी केली आणि २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरातील सुमारे १९ ते २० जणांचा श्वास झोपेत वारंवार अडत होता, आणि ७ ते ८ जणांना त्याबरोबर दिवसाही झोप आवरत नव्हती. ही माणसे आजारी म्हणून आलेली नव्हती. ती नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आली होती.

उपचार न केल्यास रक्तदाब वाढतो, हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो. आणि वाहन चालवणाऱ्याचे काय? गणित करून पाहा. टेम्पोचा वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर तो सेकंदाला सुमारे १७ मीटर जातो. मामांचा डोळा तीनच सेकंद लागला, तर टेम्पो ५० मीटर पुढे गेलेला असेल. जवळजवळ चार कबड्डीची मैदाने, आणि चालक झोपलेला! म्हणून यंत्र फळीवर ठेवणे परवडणारे नाही.

हवेचा टेकू

हे यंत्र काय करते? त्याला 'सीपॅप' म्हणतात. त्याचा अर्थ, श्वसनमार्गात सतत ठेवलेला वाढीव दाब. यंत्रात एक छोटा पंखा असतो. तो खोलीतली हवा ओढून घेतो आणि नळीतून नाकावरच्या मुखवट्यात ढकलतो. या दाबाने घशाची मऊ वाट आतून फुगलेली राहते. सायकलची ट्यूब हवेने ताठ राहते, तसेच हे.

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० साली ही युक्ती प्रथम रुग्णावर वापरली आणि १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिची माहिती दिली. सुरुवातीच्या यंत्रात घर झाडण्याच्या व्हॅक्यूम क्लीनरसारखी मोटर होती! त्याआधी तीव्र विकार असलेल्या रुग्णाच्या गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करून देत असत. त्या मानाने नाकावरचा मुखवटा किती सुसह्य!

हा दाब किती असतो, ते तुम्ही स्वतः अनुभवू शकता. एका उंच भांड्यात पाणी घ्या. सरबताच्या नळीवर टोकापासून १० सेंटीमीटरवर खूण करा. खुणेपर्यंत नळी पाण्यात बुडवा आणि बुडबुडे येईपर्यंत हळूहळू फुंका. पहिला बुडबुडा आला, त्या वेळी तुमच्या तोंडातला दाब १० सेंटीमीटर पाण्याइतका होता. यंत्राचा दाब साधारणपणे ४ ते २० सेंटीमीटर पाणी यांच्या दरम्यान असतो. कोणाला किती हवा, ते डॉक्टर ठरवतात. (प्रत्येकाने आपली वेगळी नळी वापरावी, हे सांगायला नकोच.)

फुंकताना आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. ओठ जरा सैल सोडले, की हवा पाण्यात न जाता ओठांच्या फटीतून निसटते. हवेला सोपी वाट मिळाली की ती तिकडेच जाणार. ही गोष्ट लक्षात ठेवा. मामांच्या कोरडीचे मूळ येथेच आहे.

तोंडातला ओलावा येतो कोठून?

आपल्या तोंडात लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या आहेत. एक कानांच्या पुढे, एक जबड्याखाली आणि एक जिभेखाली. गालगुंड झाले की कानाजवळ जी सूज येते, ती पहिल्या जोडीची. या साऱ्या ग्रंथी मिळून दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. पण चिंचेच्या नुसत्या आठवणीने पाझरणारी ही लाळ झोपेत मात्र अगदी थोडी होते. म्हणजे रात्री तोंडातली विहीर आटलेलीच असते. तेव्हा तोंड मिटलेले असेल तर भागते. उघडे राहिले की कोरड पडते. घोरणारी पुष्कळ माणसे तोंड उघडे ठेवून झोपतात. त्यामुळे यंत्र मिळण्यापूर्वीही त्यांना सकाळी कोरड असतेच.

लाळ नुसती तोंड ओले ठेवत नाही. अन्नकणांवर जगणारे जंतू आम्ल तयार करतात. तोंडातला सामू ५.५ च्या खाली गेला की दातांचे कवच विरघळू लागते. लाळ हे आम्ल सौम्य करते. म्हणून रोजची कोरड दुर्लक्षून चालत नाही. ती दात किडवते.

दवाची पहाट आणि मेची दुपार

आता हवेकडे वळू. फुप्फुसांत पोचणारी हवा शरीराइतकी गरम, म्हणजे ३७ अंश सेल्सियस, आणि बाष्पाने पूर्ण भरलेली असावी लागते. अशा एक घनमीटर हवेत सुमारे ४४ ग्रॅम पाणी असते. बाहेरच्या हवेत किती असते?

डिसेंबरातील पहाट घ्या. पारा १० अंशांवर आहे, गवतावर दव आहे. हवा अगदी ओलीचिंब, असे आपण म्हणू. पण १० अंशांना हवेत मावते किती? घनमीटरला अवघे ९ ग्रॅम! आता मेची दुपार घ्या. तापमान ४० अंश, सापेक्ष आर्द्रता १५ टक्के. या हवेत पाणी सुमारे ८ ग्रॅम. आहे ना गंमत? दवाची पहाट आणि मेची रखरखीत दुपार, दोन्हींत पाणी जवळजवळ सारखेच. दवाची हवा शरीरात जाऊन गरम झाली, की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे २० टक्क्यांवर येते. थंडीतही ओठ फुटतात, त्याचे कारण हेच. वैजापूर तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. पावसाळा सोडला तर येथे हवा बहुतेक काळ कोरडीच.

उरलेले पाणी कोण पुरवते? आपले नाक! नाकातील वळणावळणाच्या ओलसर अस्तरावरून हवा जाते आणि गरम व ओली होते. झोपेत आपण मिनिटाला साधारण ६ लिटर हवा घेतो. आठ तासांत २,८८० लिटर, म्हणजे जवळजवळ ३ घनमीटर. थंडीच्या रात्री प्रत्येक घनमीटरला ३५ ग्रॅम पाणी द्यायचे, म्हणजे एकूण सुमारे १०० ग्रॅम, अर्धा पेला पाणी! पण नाक मोठे काटकसरी आहे. श्वास बाहेर जाताना गार अस्तरावर थोडी वाफ पुन्हा पाण्यात रूपांतरित होते, आणि दिलेल्या पाण्याचा काही भाग नाक परत मिळवते.

दुष्टचक्र

आता यंत्र लावलेल्या मामांकडे या. हवा नाकातून दाबाने आत येते. झोपेत मामांचा जबडा सैल पडतो, तोंड किंचित उघडते. झाले! सैल ओठांतून हवा निसटावी, तशी ती घशातून वळून तोंडावाटे बाहेर पडू लागते. समजा, मिनिटाला १० लिटर हवा अशी निसटली. आठ तासांत ४,८०० लिटर. रात्रभराच्या एकूण श्वासापेक्षाही अधिक! ही हवा नाकाचे पाणी घेते आणि नाकावाटे परत येत नाही. म्हणजे काटकसर संपली, नुसता खर्च उरला. आणि बाहेर पडता पडता ती जीभ व टाळू यांवरून वाऱ्यासारखी वाहते. दोरीवरचे कपडे वाऱ्याने लवकर वाळतात, तशी जीभ वाळते.

इतक्यावर भागत नाही. कोरडे पडलेले नाकाचे अस्तर सुजते. नाक चोंदते. नाक चोंदले की तोंड अधिक उघडते. तोंड उघडले की गळती वाढते, आणि गळती वाढली की नाक आणखी सुजते. १९९६ साली सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच प्रयोगाने दाखवले. तोंडातून गळती झाली की नाकातील हवेचा अडथळा वाढतो. पण तीच हवा गरम व ओली करून दिली, तर ही वाढ बहुतांशी टळते. दुष्टचक्र कोठे तोडायचे, ते येथे कळले. एक, हवेला पाणी द्या. दोन, गळती थांबवा.

मग काय करायचे?

पहिली गोष्ट, हवेला पाणी. बहुतेक यंत्रांना पाण्याची पेटी जोडता येते. डॉक्टर तिला 'ह्युमिडिफायर' म्हणतात. पेटीखालची तबकडी पाणी कोमट करते आणि त्यावरून जाणारी हवा बाष्प घेऊन जाते. मामांची पेटी कोरडीच आहे का, ते आधी पाहा. पुष्कळदा तीच चूक असते! पेटीत ऊर्ध्वपातित पाणी घालावे. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार फार. चहाच्या भांड्यात जसा पांढरा थर बसतो, तसा तो पेटीतही बसतो. मोटारीच्या बॅटरीत घालायचे पाणी मात्र वापरू नये. उरलेले पाणी रोज सकाळी ओतून द्यावे, पेटी धुवून वाळवावी. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. हे काम तुम्ही अंगावर घेऊ शकता.

थंडीत एक गंमत होते. पेटीतली उबदार, ओली हवा गार नळीतून जाताना आत थेंब जमतात, जसे भाताच्या झाकणाला आतून जमतात. मग नळी गुडगुडते आणि नाकावर पाणी येते. नळीवर कापडाची खोळ घालावी, किंवा आतून तापणारी नळी मिळते ती घ्यावी. यंत्र बिछान्यापेक्षा खाली ठेवावे, म्हणजे थेंब परत पेटीकडे जातात.

दुसरी गोष्ट, गळती. मुखवटा नीट बसतो का? मिशीदाढीतून हवा निसटते का? मुखवट्यावर काही बारीक भोके मुद्दाम ठेवलेली असतात. उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड त्यांतून बाहेर जातो. ती गळती नव्हे! ती कधीही बुजवू नयेत. नाक सर्दीने किंवा ॲलर्जीने बंद असेल, तर आधी त्यावर उपचार हवा. नाक मोकळे झाले की तोंड आपोआप मिटते. तरीही तोंड उघडतच असेल, तर हनुवटीला आधार देणारा पट्टा किंवा नाक व तोंड दोन्ही झाकणारा मुखवटा डॉक्टर सुचवतात. दाब जास्त होत असेल तर तोही तेच बदलतील. आपल्या मनाने दाब बदलू नये. तोंडाला चिकटपट्टी लावण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. नाक चोंदले किंवा वीज जाऊन यंत्र थांबले, तर जीव गुदमरेल.

तिसरी गोष्ट, सवयी. उन्हाळ्यात कूलर लावल्याने खोलीतली हवा ओलसर होते, पण पंख्याचा झोत थेट चेहऱ्यावर नको. तंबाखू, मिशरी, बिडी यांनी तोंड आणखी बिघडते. दारूने लाळ आटते आणि घशाचे स्नायू अधिक सैल पडून श्वासही जास्त अडतो. उशाशी पाण्याचा तांब्या असावा. खडीसाखर तोंडात धरून झोपणे मात्र वाईट. ती दात किडवते आणि झोपेत घशात अडकू शकते. रात्री झोपण्यापूर्वी फ्लुओराइड असलेल्या पेस्टने दात घासावेत.

एवढे करूनही कोरड राहिली, तर कारण दुसरे असू शकते. मधुमेह, रक्तदाबाची किंवा ॲलर्जीची काही औषधे यांनीही तोंड सुकते. ते डॉक्टरांना सांगावे. औषध आपणहून बंद करू नये.

आणि जाता जाता आपल्या वर्गातही जरा पाहा. रोज घोरणारा, तोंड उघडे ठेवून झोपणारा आणि बाकावर पेंगणारा एखादा मित्र असेल. मुलांत वाढलेल्या टॉन्सिल व नाकामागील ग्रंथी यांमुळे असा श्वासरोध होतो आणि त्यावर चांगला उपचार आहे. त्याला चिडवू नका. त्याच्या आईवडिलांना सांगा.

आता मामांकडे जा. फळीवरचे यंत्र खाली काढा. नळी हलवून पाहा, पेटी उघडा. ती कोरडी ठणठणीत असेल, तर मामांना विचारा, "मामा, तुम्ही माठात पाणी न भरता गार पाण्याची वाट पाहता का?" ते हसतील. मग पेटी भरा आणि सांगा, "आठ दिवस लावून बघा. जमलं नाही, तर आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ." आठ दिवसांनी मामीला विचारा, मामा रात्री कसे झोपतात. त्यांचे उत्तर आपल्या वहीत टिपून ठेवा. हाही एक प्रयोगच आहे.